दिवस पाचवा : देवमासा, १०.३० ते ११.१५

अलास्काची सहल अँकरेजच्या विमानतळावर सुरू होत नाही. ती जानेवारीत, सॅन होजेमधल्या एखाद्या जेवणाच्या टेबलावर, एक्सेलच्या पहिल्या ओळीत सुरू होते. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात मैल, चौथ्यात 'काय बघायचं', आणि पाचव्यात, नियोजकाच्या बायकोने हट्टाने घालायला लावलेला, 'वॉशरूम कुठे'. नऊ दिवसांत खरा ठरतो तो एवढा शेवटचाच रकाना.

अमेरिकेतल्या मराठी मुलांकडे आई-वडील सहा-सहा महिन्यांसाठी येतात, आणि त्यांना काय दाखवायचं याच्या इयत्ता ठरलेल्या आहेत. पहिल्या फेरीला नायगारा आणि न्यूयॉर्क. दुसऱ्या फेरीला ग्रँड कॅन्यन आणि लास वेगास. तिथे आजींच्या पाच डॉलरचे सात होतात आणि आजोबांच्या वीसांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या फेरीला, गुडघ्यांनी राजीनामा द्यायच्या आत, अलास्का. बरेच लोक क्रूझने जातात. पण 'बोटीवर नुसतं खायचं आणि लोळायचं तर अलास्का कशाला, अलिबागही चालेल' असं म्हणणारी एक जमात असते, आणि ती गाड्या भाड्याने घेते. नमुन्यादाखल असा एक ग्रुप घेऊ : तीन कुटुंबं, बारा माणसं, दोन गाड्या, एक राइस कुकर.

अलास्काचं क्षेत्रफळ सुमारे सव्वासतरा लाख चौरस किलोमीटर. साडेपाच महाराष्ट्र त्यात मावतात. लोकसंख्या सव्वासात लाखांच्या आसपास. एकट्या सोलापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात. हे आकडे नियोजकाला पाठ होते, तरीही एक्सेलच्या पहिल्या आवृत्तीत 'दिवस सहावा : राजधानी जुनो, गाडीने, दुपारपर्यंत परत' अशी ओळ होती. जुनोला बाहेरून जाणारा रस्ताच नाही. जायचं तर विमानाने, नाहीतर बोटीने. राज्याच्या राजधानीला रस्ता नाही हे ऐकल्यावर पुण्याहून आलेल्या आजोबांना अलास्काबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. "म्हणजे खड्ड्यांचा प्रश्न मुळातच निकालात काढला," ते म्हणाले.

गाड्या अँकरेजहून दक्षिणेला सीवर्डकडे निघाल्या की कुणीतरी खरेदीखताचा विषय काढतोच. ३० मार्च १८६७ रोजी अमेरिकेने हा सगळा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरना घेतला. एकरी दोन सेंट पडले. सौदा जुळवणारे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांची तेव्हा भरपूर टिंगल झाली. सरकारी पैशाने बर्फाची पेटी विकत घेतली म्हणून. पुढे तिथे सोनं निघालं, मग तेल निघालं, आणि टिंगल करणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. 'एकरी दोन सेंट' ऐकल्यावर गाडीत शांतता पसरते. प्रत्येक पुरुषाला १९९५ साली 'एवढ्या लांब राहायला कोण जाणार' म्हणून न घेतलेला बाणेरचा प्लॉट आठवतो. मागच्या सीटवर बसलेल्यांना तो कुणी घेऊ दिला नाही, तेही आठवतं.

पुढच्या गाडीत वहिनींच्या मांडीवर 'द माइलपोस्ट' असतं. १९४९ पासून निघणारं हे जाडजूड पुस्तक म्हणजे उत्तरेकडच्या रस्त्यांची पोथी आहे. कुठल्या मैलाला पेट्रोल पंप, कुठे गाडी थांबवायला जागा, कुठे पिकनिकचं बाकडं, सगळं मैलागणिक लिहिलेलं. वहिनी ते पारायणाच्या सुरात वाचतात. अडचण एकच : सीवर्ड हायवेचे मैल सीवर्डपासून मोजलेले आहेत, त्यामुळे अँकरेजहून निघणाऱ्याला १२७ पासून शून्याकडे जावं लागतं. पहिले दहा मैल वहिनी उलट्या क्रमाने वाचत होत्या आणि गाडी पुढे जात होती. जो धबधबा 'आता येईल' तो येऊन गेलेला होता.

रस्त्याच्या उजव्या हाताला टर्नअगेन आर्म नावाची खाडी लागते. १७७८ साली कॅप्टन कुकची माणसं उत्तरेकडून अटलांटिकला जायची वाट शोधत इथे शिरली. वाट नव्हती. पुन्हा मागे वळावं लागलं, म्हणून नाव पडलं टर्नअगेन. जीपीएसमधली बाई ज्या सुरात 'शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या' म्हणते, तो सूर इथे नकाशावर कायमचा छापलेला आहे. ओहोटीला या खाडीतलं पाणी दूर जातं आणि राखाडी चिखलाचं मैदान उघडं पडतं. हिमनद्यांनी डोंगर दळून काढलेलं ते पीठ. वरून दिसतं घट्ट. पाय घातला की सोडत नाही, आणि मग भरती येते. त्या बाबतीत पाट्या लावलेल्या आहेत. पाटी वाचून झाल्यावर 'चार पावलं पुढे गेलो तर फोटो चांगला येईल' असं म्हणणारा एक मेहुणा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला त्याच्या बायकोने जॅकेटच्या टोपीला धरून परत आणलं.

पुढे बेलुगा पॉइंट. 'पॉइंट' हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या अंगात महाबळेश्वर संचारतं. गाडी थांबवायची, कठड्याशी जायचं, 'हां, छान आहे' म्हणायचं, कणीस खायचं, पुढचा पॉइंट. इथे कणीस नव्हतं आणि कठड्यापलीकडे काय दिसेल याची हमी नव्हती. बेलुगा म्हणजे पांढरा देवमासा. या भागातले बेलुगा २००८ पासून नष्ट होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहेत; उरलेत ते काही शेकडे. ग्रुपला मात्र पंधरा मिनिटांत सत्तावीस दिसले. दुर्बीणवाल्या काकांनी तपासल्यावर त्यातले सव्वीस लाटांचे फेस निघाले. सत्ताविसाव्याबद्दल दोन गाड्यांमध्ये अजून एकमत नाही.

खाडीच्या टोकाशी करड्या, वठलेल्या झाडांची रांग उभी आहे. २७ मार्च १९६४ च्या संध्याकाळी, गुड फ्रायडेच्या दिवशी, इथे ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन चार-साडेचार मिनिटं हलत होती. खाडीकाठची जमीन खचली, खारं पाणी मुळांशी आलं आणि झाडं उभ्याउभ्या मेली. पोर्टेज नावाचं गाव लोकांनी सोडलं ते कायमचं. ते खारवलेलं लाकूड लवकर कुजत नाही, म्हणून झाडं अजून उभी आहेत, असं वहिनींनी वाचून दाखवलं. या ठिकाणी दोन्ही गाड्यांत कुणी काही बोललं नाही. किल्लारी आठवणारी दोन-तीन माणसं होती.

एक्सेलमध्ये लिहिलं होतं : 'दिवस दुसरा : पोर्टेज हिमनदी, ११.०० ते ११.४५, काचेतून.' यात नियोजकाची चूक नव्हती. पोर्टेज तलावाच्या काठी सरकारने १९८६ साली एक देखणं केंद्र बांधलं. मोठमोठ्या खिडक्या, कारण समोर हिमनदी. बसून बघा, थंडी नको, वारा नको. पुढच्या काही वर्षांत हिमनदी वितळत मागे सरकली आणि डोंगराच्या कोपऱ्याआड निघून गेली. केंद्र तिथेच आहे, खिडक्या तिथेच आहेत, समोर तलाव आहे. हिमनदी बघायची तर बोटीत बसून कोपऱ्यापर्यंत जावं लागतं. पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना सजवावा आणि पाहुण्यांनी परस्पर गावाला निघून जावं, तसं. आजोबांनी काचेसमोरच्या बाकावर बसून पाऊण तास पूर्ण केला. वेळ दिली होती ती त्यांनी पाळली.

तिथून जवळच व्हिटियर. या गावाला जमिनीवरून जायचं तर बोगदा एकच : अडीच मैलांचा, एकेरी, आणि त्यातूनच गाड्याही जातात आणि रेल्वेही. रूळ रस्त्यातच बसवलेले आहेत. २००० सालापर्यंत फक्त रेल्वे जायची, मग गाड्यांना मुभा मिळाली. व्हिटियरकडे जाणाऱ्या गाड्या अर्ध्याला सोडतात, तिकडून येणाऱ्या तासाला. साडेदहाची वेळ ग्रुपने दोन मिनिटांनी चुकवली. कारण पाचवा रकाना. मग साडेअकरापर्यंत रांगेत गाड्या लावून बसावं लागलं, आणि त्या तासात सहलीतली पहिली खरी सहल झाली : डब्यातून दशम्या निघाल्या, लसणाची चटणी निघाली, पुढच्या गाडीतल्या अनोळखी अमेरिकन जोडप्याला एक दशमी गेली. जोडप्यातला माणूस चटणीमुळे थोडा वेळ बाहेर उभा राहिला.

व्हिटियरमध्ये माणसं तीनशेच्या आत, आणि त्यातली बहुतेक एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. लष्कराने १९५० च्या दशकात बांधलेली ही बेगिच टॉवर्स. पोस्ट तिथेच, किराणा तिथेच, दवाखाना तिथेच, प्रार्थनेची जागा तिथेच. मुलांना शाळेत जायला जमिनीखालून भुयार आहे, म्हणजे बर्फात बाहेर पडायला नको. ग्रुपमधल्या ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सोसायटीचं सेक्रेटरीपद भोगलं आहे, ते ही इमारत बघून गंभीर झाले. गाव आणि सोसायटी एकच असेल तर पाण्याच्या टाकीवरून भांडण झाल्यावर राग धरून जायचं कुठे? रात्री बोगदाही बंद असतो.

सीवर्ड गावाजवळची एक्झिट हिमनदी मात्र अजून पायी गाठता येते, निदान तिच्या जवळ जाता येतं. वाटेत सालांच्या पाट्या आहेत. त्या त्या साली हिमनदीचं टोक इथवर होतं, एवढंच त्या सांगतात. १९१७ ची पाटी झाडीत आहे. १९५१ ची पुढे. मग चढ लागतो, झाडी खुजी होते, दगड उघडे पडतात. बराक ओबामा अध्यक्ष असताना २०१५ साली इथे येऊन याच पाट्यांमधून चालले होते. मराठी ग्रुपने या पाट्यांना स्वतःचा एक उपयोग शोधला : ज्येष्ठांनी आपल्या जन्मसालाच्या सगळ्यात जवळची पाटी गाठून फोटो काढायचा. आजोबा १९५१ च्या पाटीशी उभे राहिले. नातवाला म्हणाले, "तू तुझ्या सालाला जाऊन उभा राहा, दोघांचा एकत्र फोटो काढू." नातू चालत गेला, चालत गेला, आणि फोटोत एवढासा ठिपका आला. मधल्या जागेत पूर्वी बर्फ होता. तो फोटो घरी टीव्हीच्या वर लावला आहे. ठिपका कोण, हे प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं.

आणि मग दिवस पाचवा.

केनाई फियर्ड्‌स हे राष्ट्रीय उद्यान १९८० साली झालं. हार्डिंग नावाच्या अफाट हिमपठारावरून हिमनद्या खाली येतात, त्यातल्या काही थेट समुद्रात उतरतात. त्या बघायला सीवर्डहून दिवसभराची बोट जाते. बोट आखातात शिरेपर्यंत सगळे डेकवर असतात, गाणी म्हणतात. आखाताच्या लाटा सुरू झाल्या की गाणी ध्रुवपदावर थांबतात. बोटीवरची मुलगी सांगत होती, क्षितिजाकडे बघा, आलं खा. आजींनी पर्स उघडली आणि आलेपाकाची पुरचुंडी काढली. तिथून पुढचा तासभर आजी त्या बोटीच्या कप्तान होत्या. जपानी, जर्मन, टेक्सासचे, सगळे रांगेने येऊन वडी घेऊन गेले.

समुद्री ऊद आधी भेटला. पाठीवर तरंगत, हात छातीवर, दुपारच्या जेवणानंतरच्या पुणेकरासारखा. त्याच्या अंगावर चौरस इंचाला दहा लाखांपर्यंत केस असतात. प्राणिसृष्टीत इतकी दाट फर दुसऱ्या कुणाची नाही. चरबीचा थर नाही, म्हणून ऊब टिकवायला तो दिवसाला आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं खातो. शिंपले पोटावर ठेवून दगडाने फोडतो, आणि तो दगड काखेतल्या कातडीच्या खिशात जपून ठेवतो. अडकित्ता खिशात बाळगणाऱ्या पिढीतल्या आजोबांना याचं अजिबात नवल वाटलं नाही. याच फरपायी रशियन आणि इतर व्यापाऱ्यांनी हे प्राणी इतके मारले की १९११ साली आंतरराष्ट्रीय करार करून शिकार थांबवावी लागली, तेव्हा जेमतेम मूठभर उरले होते.

मग पफिन. हा पक्षी उडतो म्हणण्यापेक्षा धडपडतो. पंख आखूड, ते पोहण्यासाठी बेतलेले, त्यामुळे हवेत राहायला मिनिटाला शेकडो वेळा फडफडवावे लागतात. पोटभर मासे खाल्लेला पफिन पाण्यावरून उठायचा प्रयत्न करतो, चार लाटांवर आपटतो आणि विचार बदलून बुडी मारतो. त्याला बघून बुफेच्या रांगेतली बरीच मंडळी आपुलकीने हसली.

देवमाशाची वेळ साडेदहाची होती. साडेदहा वाजले. अकरा वाजले. सव्वाअकराला नियोजकाने घड्याळाकडे असं पाहिलं, जणू देवमासा कसाऱ्याला अडकला आहे.

इथे एका जुन्या प्रवाशाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तो या सगळ्या सहलींचा मूळपुरुष आहे. गेओर्ग स्टेलर हा जर्मन निसर्गअभ्यासक १७४१ साली व्हिटस बेरिंगच्या मोहिमेबरोबर रशियाहून अलास्काच्या किनाऱ्याला पोचला. मोहिमेच्या तयारीत दहा वर्षं गेली होती. जहाज कायाक बेटाशी लागलं आणि स्टेलरला उतरायला मिळाले दहा तास. बेरिंगला पिण्याचं पाणी भरून परत फिरायची घाई होती. दहा वर्षांच्या तयारीनंतर आपण अमेरिकेचं पाणी आशियात न्यायला आलो होतो, अशी चरफड त्याने लिहून ठेवली आहे. तरी त्या दहा तासांत पठ्ठ्याने झाडं गोळा केली, लोकांच्या वस्तू पाहिल्या, आणि एका निळ्या पक्ष्यावरून ओळखलं की ही भूमी अमेरिकाच. तो पक्षी आज स्टेलर्स जे म्हणून ओळखला जातो, आणि खडकांवर पहुडून ढेकर दिल्यासारखे आवाज काढणारे ते अगडबंब समुद्रसिंहही स्टेलरच्याच नावाचे. 'अर्ध्या तासात काय बघणार?' असं कुरकुरणाऱ्या प्रत्येक सहलकऱ्याला स्टेलरचं चरित्र सक्तीने वाचायला लावावं.

देवमासा पाऊण वाजता आला. एक्सेलमध्ये ती वेळ जेवणाची होती, आणि ग्रुपमधले सात जण खालच्या मजल्यावर सॅंडविचच्या रांगेत उभे होते. हंपबॅक. तो हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतो, तिथे पिल्लं होतात, पण खाणं जवळजवळ नाही. सगळा चातुर्मास निरंकार. मग हजारो किलोमीटर पोहत अलास्काला यायचं आणि उन्हाळाभर पारणं फेडायचं. दिवसाला टनभर मासे आणि किरकोळ कोळंबी. इतकं वजन पाण्याबाहेर पूर्ण उसळतं, क्षणभर हवेत थांबल्यासारखं वाटतं, आणि कोसळतं. आजींनी ते पाहिलं, कारण त्या आलेपाकाच्या ठेल्यावरून हलल्याच नव्हत्या. नियोजकाने पाहिलं नाही. तो जिना चढत असताना त्याला फक्त "ओऽऽह" ऐकू आलं, दीडशे माणसांचं, वेगवेगळ्या भाषांतलं, सारखंच. फोटो एकाकडे आहे. त्यात पाण्यावर एक गोल आहे आणि मेहुण्याची टोपी.

त्यापुढची हिमनदी मात्र कुणाच्या वेळेची वाट बघत नव्हती. आयालिक हिमनदी समुद्राला जिथे भिडते तिथे तिची निळी भिंत उभी आहे. बर्फ इतका दाबून बसलेला की त्यातली हवा निघून जाते आणि तो तांबडा रंग गिळून निळा परत पाठवतो. बोट इंजिन बंद करून दूर थांबते. आधी काहीच होत नाही. मग भिंतीचा एक तुकडा सुटतो, अगदी सावकाश, आवाजाशिवाय. आणि तो पाण्यात पडून गेल्यावर मागाहून गडगडाट येतो. अंतर इतकं आहे की आवाज मागे राहतो. बारा माणसं गप्प उभी होती. कुणीतरी हळूच विचारलं, "परत पडेल का?" तेवढ्यात पडला. तेव्हा सगळ्यांच्या फोनवर एकच सूचना होती : जागा शिल्लक नाही.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. रात्र नव्हती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अँकरेजला सूर्य रात्री साडेअकराच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर होतो, मधल्या वेळातही काळोख म्हणावा असा पडत नाही. आजींचा दिवेलागणीचा नेम होता. पहिल्या दिवशी सात वाजता बसल्या तर बाहेर टळटळीत ऊन. आठला ऊन. दहाला ऊन, आणि शेजारचा माणूस हिरवळ कापतोय. शेवटी साडेअकराला शुभंकरोती झालं, तेव्हा नातू अर्धवट झोपेत 'सकाळ झाली का' म्हणाला.

याच वेळी आजोबांनी टिळक काढले. काढणारच होते. लोकमान्यांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की सीवर्ड गाव वसलं तेही त्याच साली. ऋग्वेदात उषेचं जे वर्णन आहे, दिवसचे दिवस टिकणारी पहाट, ती फक्त ध्रुवप्रदेशातच शक्य आहे, तेव्हा आर्यांचं मूळ घर तिकडेच, असा टिळकांचा सिद्धान्त. अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही, आणि टिळक स्वतः आर्क्टिकला कधी गेले नव्हते. पण एका माणसाने पुण्यात बसून, ग्रंथांच्या आधारावर, ध्रुवावरच्या उजेडाचा हिशेब मांडावा याचा आजोबांना फार अभिमान. नियोजक म्हणाला, "म्हणजे त्यांनीही आधी सगळं कागदावरच केलं." सहलीत नियोजकाचा हा एकच विनोद होता, आणि तो त्याने विनोद म्हणून केला नव्हता.

डेनाली राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी फक्त पहिले पंधरा मैल नेता येते. पुढे बस. ९२ मैलांचा रस्ता, त्यातही २०२१ साली प्रिटी रॉक्सपाशी डोंगरउतार इतका सरकू लागला की ४३ व्या मैलापुढे बस बंद करावी लागली. बसचा नियम सोपा : जनावर दिसलं की मोठ्याने 'स्टॉप' म्हणायचं. हा अधिकार मराठी माणसाच्या हाती देऊ नये. पहिल्या तासात बस नऊ वेळा थांबली. पाच वेळा दगड, दोन वेळा झुडूप, एकदा दुसरी बस, आणि एकदा खरोखर अस्वल. ते इतकं दूर होतं की दुर्बीणवाल्या काकांनी त्यालाही दगड ठरवलं. मग दगड चालू लागला.

अस्वलापासून तीनशे यार्ड आणि मूसपासून पंचवीस यार्ड लांब राहा, असा उद्यानाचा नियम. अस्वल आलं तर पळू नका. मूस अंगावर आला तर बेलाशक पळा. ग्रुपने हे दोन्ही पाठ केलं होतं, फक्त कुणाला काय हे प्रसंगी आठवेना. जंगलात चालताना मोठ्याने बोलत राहा, म्हणजे अस्वल चाहूल लागून आपोआप बाजूला होतं, असंही पाटीवर होतं. हा नियम ग्रुप विमानतळापासूनच पाळत होता. आजींना मूस गायीसारखा वाटला आणि त्याला दशमीचा घास द्यावा असं मनात आलं. अलास्कात मूसला खाऊ घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. गोग्रासाला बंदी असलेलं हे राज्य आजींच्या मनातून थोडं उतरलं.

उद्यानात गस्तीसाठी कुत्र्यांच्या गाड्या आहेत. हिवाळ्यात आतल्या जंगलात यंत्राच्या गाड्या नेत नाहीत, म्हणून ही सरकारी नोकरीतली कुत्री. नऊ वर्षांची झाली की ती निवृत्त होतात आणि कुणीतरी घरी नेतं. आजोबांनी रेंजरबाईंना निवृत्तिवेतनाबद्दल विचारलं. रेंजरबाई हसल्या. आजोबा हसले नाहीत. ते सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते.

राहिलं ते शिखर. २०,३१० फूट, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात उंच. इथल्या लोकांच्या भाषेत डेनाली, म्हणजे उंच असलेला. १८९६ साली एका सोनं शोधणाऱ्याने त्याला मॅकिन्ली हे नाव लावलं. विल्यम मॅकिन्ली पुढे अध्यक्ष झाले, पण अलास्काला कधी आले नाहीत. २०१५ साली सरकारने डेनाली केलं, २०२५ साली पुन्हा मॅकिन्ली. नामांतराचा विषय निघाल्याबरोबर ग्रुपमध्ये इतकी कळकळीची चर्चा झाली की समोर शिखर आहे की नाही हे बघायचं राहिलं. नव्हतंच. हे शिखर स्वतःचं हवामान स्वतः बनवतं आणि बहुतेक वेळ त्यातच गुरफटून बसतं. येणाऱ्यांपैकी साधारण तिघांतल्या एकालाच ते दिसतं. उद्यानात ग्रुपने तीन दिवस काढले. एक्सेलमध्ये तिन्ही दिवसांपुढे 'शिखर' असं लिहून खोडलेलं आहे.

नवव्या दिवशी परतीच्या विमानाआधी दोन तास होते, म्हणून अँकरेजमध्ये सुपरमार्केटला थांबले. आजी, आजोबा आणि वहिनी गाडीपाशी. पार्किंगच्या टोकाला, गाड्यांच्या टपांवरून, उत्तरेकडे आजोबांचं लक्ष गेलं. हवा धुऊन निघाली होती. दोनशे किलोमीटरवर, खाली काहीच नसल्यासारखं, डेनाली उभं होतं, अख्खं, टोकासकट. आजींनी हात जोडले. वहिनींनी माइलपोस्ट मिटलं. आजोबांनी दुकानाच्या दारापर्यंत जाऊन मुलाला हाक मारली, पण तो आत काउंटरच्या रांगेत सहावा होता आणि रांग सोडायला तयार नव्हता. बाहेर आला तेव्हा ढग परत आले होते. त्याच्या पिशवीत बारा फ्रिज मॅग्नेट होते, प्रत्येकावर डेनालीचा, निरभ्र आकाशातला फोटो.